उटीला नको, वालपारैला जा. पण असं जा

विट्याकडचे पाहुणे कोइमतूरला आले, की दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप खाली ठेवता ठेवता विचारतात, "वहिनी, उटी इथनं किती लांब?" आमच्या ह्यांचा गलाईचा धंदा. खानापूर तालुक्यातली घरंच्या घरं सोनं-चांदी आटवायला देशभर पांगलीत, त्यातलंच आमचं एक, राजा स्ट्रीटच्या मागच्या गल्लीत. बावीस वर्षं झाली. तेवढ्यात मी पाहुण्यांबरोबर उटीला इतक्यांदा गेले, की तिथल्या बागेतली फुलं मला तोंडपाठ आहेत. म्हणून आता मी उलट विचारते, "गर्दी बघायची का डोंगर?" डोंगर म्हणाले, तर वालपारै.

मात्र सगळ्यांनाच पाठवत नाही. तिथं झुकझुक गाडी नाही, घोडा नाही, संध्याकाळी फिरायला माल रोड नाही. गाव म्हणजे एक वरखाली होणारा बाजाररस्ता, बसस्टँड, दोन-चार मेस आणि बेकऱ्या. आमच्या नणंदेच्या मालकांनी पहिल्याच संध्याकाळी विचारलं, "आता काय करायचं?" त्यांना मी परत नेलं नाही. नणंद मात्र तीनदा येऊन गेली.

जागा कशी आहे, ते आधी डोक्यात बसवा, म्हणजे पुढचं सगळं कळेल. आनै म्हणजे हत्ती, मलै म्हणजे डोंगर. त्या आनैमलैच्या माथ्यावर साधारण ३५०० फुटांवर हे पठार आहे. भोवती जंगलाचं कडं: अलीकडं तमिळनाडूचा आनैमलै व्याघ्र प्रकल्प, पलीकडं केरळातलं परंबिकुळम आणि वाळचालचं रान. मधोमध चहा. इंग्रजांच्या काळात रान तोडून कॉफी-चहा लावला तेव्हा ओघळीत, उतारावर, जिथं लावणं परवडेना तिथं रानाचे तुकडे तसेच राहिले. जनावरं त्या तुकड्यांतून त्या तुकड्यात जातात आणि मधला रस्ता चहातूनच आहे. मळ्याला कुंपण नाही. त्यामुळं इथं जीपची सफारी करून 'जंगल बघायला' जायची गरज पडत नाही, आणि म्हणूनच रात्री सातनंतर बाहेर हिंडायचंही नसतं. या दोन्ही गोष्टी एकाच कारणानं आहेत, हे पाहुण्यांना पटवता पटवता माझा घसा बसतो.

आमची पहिली खेप फुकट गेली. चौदा माणसं, एक टेंपो ट्रॅव्हलर, मोबाइलमध्ये सात पॉइंटांची यादी. पहाटे निघून रात्री परत यायचं ठरलेलं. विसाव्या वळणावर आत्याबाईंना उलटी झाली, तिसाव्यावर दोन पोरांना. वर पोचलो तर धुकं. प्रत्येक पॉइंटवर उतरायचं, पांढऱ्या धुक्याबरोबर फोटो काढायचा, चढायचं. सात पॉइंट झाले, बघितलं काहीच नाही. दुसऱ्या खेपेला आम्ही दोघंच एसटीनं, म्हणजे इथल्या सरकारी बसनं गेलो. गाव सहा-सात किलोमीटरवर राहिलं आणि बस बंद पडली. तासभर रस्त्याकडेला बसून होतो. त्या एका तासात समोरच्या उंबराच्या जातीच्या झाडावर आधी शेकरू आलं, मग काळी माकडं, आणि मग डोक्यावरून गलाईच्या भट्टीचा भाता चालावा तसा आवाज आला. फस्स, फस्स, फस्स. वर बघितलं तर हातभर पंखांचा महाधनेश. तेव्हापासून मी यादी करत नाही.

तर आता रीतसर सांगते.

किमान दोन रात्री काढा. एका दिवसात जाऊन येणं म्हणजे घाटात पैसे देऊन मळमळ विकत घेणं. डिसेंबर ते फेब्रुवारी हवा स्वच्छ असते, लांबचे डोंगर दिसतात, सकाळी स्वेटर लागतो. जून ते ऑगस्ट पावसाचा मुक्काम असतो. जवळचं चिन्नकल्लार हे दक्षिणेतल्या सगळ्यात जास्त पावसाच्या ठिकाणांपैकी एक. आपल्याकडच्या गगनबावड्याची ज्यांना आवड आहे, त्यांनी खुशाल पावसात जावं, पण जळवांची तयारी ठेवून. तिकडं जळूला अट्टै म्हणतात. घोट्याच्या वर येणारे मोजे, त्यात पँटची टोकं खोचलेली, खिशात मिठाची पुडी. चिकटलेली जळू ओढून काढू नका, मीठ लावा, आपण होऊन गळते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये परतीचा पाऊस असतो, दुपारनंतर हमखास कोसळतो. माझा आवडता महिना जानेवारी. पण पोंगलच्या सुट्टीचा आठवडा सोडून. तेव्हा सगळं कोइमतूर वर चढतं.

स्वतःची किंवा भाड्याची गाडी असेल तर ई-पास काढा. उटी आणि कोडैकानलला तो २०२४ च्या मे महिन्यापासून आहे, वालपारैला मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानं २०२५ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. मोबाइलवर निघतो, गाडीचा नंबर आणि मुक्कामाचा पत्ता हाताशी ठेवा. नियम बदलत असतात, तेव्हा निघायच्या आदल्या दिवशी एकदा बघून घ्या. चौकीवर पोचल्यावर रेंज शोधत उभं राहण्यात अर्धा तास जातो, हे स्वानुभवानं सांगते.

मुंबई-पुण्याहून येणाऱ्यांना कुर्ल्याहून सुटणारी कोइमतूर एक्सप्रेस आहे, पुणे-सोलापूरवरून येते, दीड दिवस धरून चाला. कोइमतूरच्या उक्कडम स्टँडवरून पोल्लाचीला बसची रांगच असते, ४० किलोमीटर. पोल्लाची नारळाचं गाव. तिथं उतरून इळनीर, म्हणजे शहाळं प्यावं, पण पोटभर काही खाऊ नये. पुढं ६५ किलोमीटर वालपारै, बसला तीन तास लागतात, आणि त्यात ४० वळणं आहेत. प्रत्येक वळणावर पाटी: १/४०, २/४०. तमिळमध्ये त्याला 'कोंडै ऊसि वळैवु' म्हणतात. कोंडै म्हणजे अंबाडा, ऊसि म्हणजे सुई. अंबाड्यातला आकडा! आत्याबाईंना हे सांगितल्यावर त्या पुढची सगळी वळणं डोक्यावरचा अंबाडा चाचपत बसल्या, आणि त्या नादात उलटी विसरल्या. लागणाऱ्यांनी पुढच्या बाकावर बसावं, आवळा सुपारी तोंडात धरावी, मोबाइल बघू नये.

एक गफलत पुष्कळांची होते. टॉपस्लिप, जिथं वनखात्याची सफारी आणि हत्तींचा कँप आहे, ते याच व्याघ्र प्रकल्पात असलं तरी या रस्त्यावर नाही. त्याचा फाटा पोल्लाचीतूनच सेतुमडैकडं जातो. दोन्ही एकाच दिवशी करायचा बेत आखलात तर दिवसभर गाडीतच बसाल.

घाट सुरू होण्याआधी आळियार धरण लागतं आणि वनखात्याची चौकी. पिशव्या बघतात. तमिळनाडूत एकदा वापरून टाकायच्या प्लॅस्टिकवर २०१९ पासून बंदी आहे, तेव्हा स्टीलची बाटली न्या. पुढं मंकी फॉल्स नावाचा धबधबा आहे. गर्दी असते, वरून पाणी वाढलं की बंद करतात. मी थांबत नाही. माझं पहिलं थांबणं नवव्या वळणावर.

ते लोम्स व्ह्यू. हा रस्ता आखणाऱ्या इंग्रज अभियंत्याचं नाव त्या जागेला आहे. खाली आळियारचं पाणी दिसतं, आणि कठड्यापलीकडच्या कातळावर पुष्कळदा नीलगिरी ताहर चरत असतात. तमिळ लोक त्याला वरैआडु म्हणतात, कड्यावरची शेळी. हा त्यांचा राज्यप्राणी, आपला जसा शेकरू. अंगानं आपल्या बोकडासारखाच, पण पाय कातळाला खिळ्यासारखे रुततात. इतके धीट झालेत की रस्त्याकडेला येऊन उभे राहतात. इथंच माणसं चुकतात. बिस्किटं दाखवतात. देऊ नका. शेळीला भाकरी घालणाऱ्या आपल्या माणसांना हे फार कठीण जातं, मला माहीत आहे. पण एकदा खाऊची सवय लागली की ते कडा सोडून गाड्यांमध्ये शिरतात, आणि वळणावरून उतरणाऱ्या ट्रकला काही थांबता येत नाही.

अट्टकट्टी, मग कवरकल. कवरकलला धुकं जवळजवळ कायमचं, दिवे लावून हळू जायचं. तिथं कार्व्हर मार्श या मळेवाल्या इंग्रजाचा पुतळा आहे. इथला चहा त्याच्या पिढीनं लावला. जमीन साफ करणारे, पाट्या वाहणारे मजूर खालच्या गावांतून आणले होते. त्यांचा पुतळा दिसत नाही, त्यांच्या नातवंडा-पतवंडांच्या चाळी दिसतात, त्यांना तिथं पाडी म्हणतात. पुढं रोट्टिकडै, नावाचा अर्थच 'पावाचं दुकान'. त्याच्या पुढं गावाला लागून पुदुतोट्टम.

पुदुतोट्टमला माझं दुसरं थांबणं, आणि हे घाईनं उरकायचं नाही. शंभर हेक्टरांपेक्षाही लहान रानाचा तुकडा आहे, रस्ता त्याला लागून जातो. त्यात सिंहपुच्छ माकडं राहतात: काळं अंग, तोंडाभोवती राखाडी आयाळ, शेपटीच्या टोकाला सिंहासारखा गोंडा. कर्नाटक, केरळ आणि तमिळनाडूतल्या पश्चिम घाटाशिवाय जगात कुठंही रानात सापडत नाहीत. आपल्या सह्याद्रीत कितीही हिंडा, दिसणार नाहीत. वर बघितलंत तर रस्त्यावरून या झाडापासून त्या झाडापर्यंत ताणलेल्या पट्ट्या दिसतील. ते माकडांचे पूल. गाड्यांखाली सापडू नयेत म्हणून बांधलेत. गाडी रस्त्याच्या मधोमध थांबवू नका. पुढं नेऊन कडेला लावा, चालत मागं या, खिडक्यांच्या काचा वर करून. ही माकडं दार ढकलून स्वयंपाकघरात शिरतात, डबे उघडतात. आम्ही उतरलेल्या घरातल्या अक्का तांदळाच्या डब्यावर पाटा ठेवायच्या. सकाळी सात ते नऊ चांगली वेळ. अर्धा तास काहीच दिसलं नाही तर अजून अर्धा तास उभं राहा. फांदीवरून सालीचा चुरा पडायला लागला की तुमचं काम झालं.

मुक्काम गावात करायचा का मळ्यात? लहान मुलं, म्हातारी माणसं, रात्री दवाखान्याची धास्ती असेल तर गावात. नाहीतर मळ्यातलं घर किंवा जुना बंगला बघा. फक्त फोनवर दोन गोष्टी विचारा: शेवटचे किती किलोमीटर कच्चा रस्ता, आणि रात्रीचं जेवण तिथंच मिळतं का. जेवायला रात्री गाडी काढून गावात यावं लागणार असेल तर ती जागा कितीही सुंदर असो, सोडा.

याचं कारण हत्ती. पठारावर हत्तींची ये-जा सतत असते. तांदळाचा वास आला की रेशन दुकानाचं दारसुद्धा फोडतात. एम. आनंद कुमार आणि त्यांच्या नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशनच्या सोबत्यांनी इथं वर्षानुवर्षं हत्तींच्या मागं हिंडून एक व्यवस्था उभी केली: हत्ती कुठं आहेत, ते आधी केबल टीव्हीवर पट्टी फिरवून सांगायचे, २०११ पासून मजुरांच्या मोबाइलवर संदेश जायला लागले, आणि मोक्याच्या ठिकाणी खांबांवर लाल दिवे बसवले, मोबाइलवरूनच चालू होणारे. जवळपास हत्ती असले की दिवा लुकलुकतो. या कामाला २०१५ मध्ये वन्यजीव संवर्धनासाठीचा व्हिटली पुरस्कार मिळाला. तुम्ही एवढंच करा: लाल दिवा लागलेला दिसला तर त्या रस्त्यानं जाऊ नका. आणि दोन शब्द पाठ करा: 'यानै इरुक्का?' हत्ती आहे का? चहाच्या टपरीवर, बसच्या कंडक्टरला, पानं तोडणाऱ्या बायकांना, कुणालाही विचारा. माझं तमिळ ऐकून बावीस वर्षांनीही लोक हसतात, पण या प्रश्नाला कुणी हसत नाही.

समोर आलाच तर लांबच थांबा. हॉर्न नाही, फ्लॅश नाही, उतरणं तर नाहीच. गाडी मागं घ्यायला जागा ठेवा. 'दुसरी गाडी गेली की' म्हणून तिच्या मागून घुसू नका. २०२५ च्या फेब्रुवारीत या रस्त्यावर मोटारसायकलवरच्या एका जर्मन पर्यटकाचा हत्तीनं बळी घेतला. गव्याचंही तेच. शांत उभा असतो, म्हशीसारखा वाटतो, म्हणून आपली माणसं सेल्फी घ्यायला जातात. दाजींना मी एकदा शर्टाला धरून मागं ओढलंय.

आणि बिबट्या. तो दिसावा म्हणून आशा करू नका. मळ्यातल्या पाड्यांमध्ये लहान मुलं त्यानं नेलीत, तिथल्या आयांसाठी हा पर्यटनाचा विषय नाही. अंधार पडायच्या आत मुलं घरात, संडास बाहेर असेल तर मोठं माणूस बरोबर. चहाच्या रांगांत शिरून फोटो काढायचा मोहही आवरा. झुडपं कमरेइतकी, आत काय बसलंय दिसत नाही. शिवाय मळा कंपनीचा, वाट मजुरांची.

बघायला काय जायचं, असं विचारालच. दोन दिवसांत एक जागा पुष्कळ झाली, आणि ती नल्लमुडी पूंजोलै. गावापासून पंधराएक किलोमीटर, मुडीसच्या मळ्यांतून. या भागात 'बॉम्बे बर्मा'च्या पाट्या दिसतात. १८६३ मध्ये मुंबईत सुरू झालेली ती कंपनी. तमिळ डोंगरात मुंबईचं नाव वाचून आत्याबाईंना फार बरं वाटलं होतं, जसं काही आपल्याच भावकीचा मळा. गाडी लावून चहातून थोडं चालायचं, की पुढं जमीन संपते. समोर केरळचे डोंगर, हवा स्वच्छ असली तर आनैमुडी, २६९५ मीटर, दक्षिणेतलं सगळ्यात उंच शिखर. सकाळी लवकर जा, दहानंतर ढग भरतात. खालच्या दरीच्या कुरणात ठिपके हलताना दिसले तर दुर्बीण लावा, बहुतेक गवेच असतात. शोलयार धरण वीसएक किलोमीटरवर आहे. कोयना बघितलेल्याला धरण म्हणून नवल नाही, पण वाटेवरचं पाणी आणि चहा छान दिसतो. वेळ उरला तर जा.

दुपारी काहीच करू नका. जेवा, म्हणजे केळीच्या पानावर भात, सांबार, रसम, पोरियल. मग पायरीवर बसा. पानं तोडणाऱ्या बायका पाट्या घेऊन वजनाला जाताना दिसतील. कोवळ्या पानाला त्या कोळुंदु म्हणतात. आता बऱ्याच ठिकाणी हातानं खुडणं जाऊन पिशवी लावलेली कात्री आलीय, तिचा कचकच आवाज उतारभर ऐकू येतो. न विचारता फोटो काढू नका. टपरीवर चहा गोडमिट्ट असतो, 'सक्करै कम्मी' म्हणा. कम्मी म्हणजे आपलं कमीच, तेवढं तरी समजतं.

परतताना आलात त्याच वाटेनं उतरा, किंवा धाडस असेल तर मलक्कप्पारावरून वाळचाल, अतिरप्पिळ्ळीचा धबधबा आणि चालकुडी. शंभराहून जास्त किलोमीटर, बहुतेक सगळं रान. चौक्या सकाळी सहा ते संध्याकाळी सहापर्यंतच, आणि चौकीवर वेळ टाकून चिठ्ठी देतात. ठरल्या वेळेत पलीकडं पोचायचं, मध्ये उतरायचं नाही. पेट्रोल आणि पोट दोन्ही वालपारैत भरून निघा.

चहा तिथनं आणाच. दुकानदार दोन प्रकार दाखवेल. बारीक दाणेदार सीटीसी, आणि लांब वळलेल्या पानांचा ऑर्थोडॉक्स. दुसरा महाग, वासाला सुरेख. मी पहिल्यांदा तोच विट्याला पाठवला, चांगला अर्धा किलो. आत्याबाईंनी त्यात दूध, आलं आणि तीन चमचे साखर घालून दहा मिनिटं उकळला आणि फोन केला, "सुनबाई, ह्या चहाला रंगच न्हाई गं. फसवलं तुला." तो चहा नंतर तुळशीच्या कुंडीत गेला. आता मी गावाकडं सीटीसी पाठवते, आणि ऑर्थोडॉक्सचा डबा माझ्या कपाटात मागं असतो.